तांब्याच्या तळचा पाऊस

आता काय लपवायचं तुमच्यापासून! सत्तरी गाठली मी. गावातल्या निम्म्या माणसांना कधी ना कधी उल्लू बनवलंय. पण मागच्या पावसाळ्यात मी ज्याला बनवलं ना, त्याच्याइतका पक्का मूर्ख मला आजवर भेटला नव्हता. कोण तो? सांगतो की! चहा हातात घ्या, फुंकत फुंकत ऐका.

तसा मी शिकलेला माणूस आहे. हसताय काय? पाचवी पास झालो आणि पुढं सहावी तीनदा केली. पाच आणि तीन किती? आठ! म्हंजी हिशोबानं मी आठवी झालेला. माझं गणित तेव्हापासूनच असं पुढं पळणारं.

माकणीच्या धरणाच्या अलीकडं आमचं गाव. गावात मला नाना म्हणतात. तोंडावर नाना म्हणतात आणि मागं काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याला कारणंही तशीच आहेत. एकदा मी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरनं सांगितलं, की गॅसची गाडी फाट्यावर आलीय, लवकर या. पाच मिनिटांत चाळीस बाया रिकाम्या टाक्या घेऊन फाट्यावर! सगळ्यांच्या पुढं आमचीच मंडळी, गोदाबाई. त्या दिवशी मला घरात जेवण मिळालं नाही, पण पोट भरलं होतं बघा.

तर मागच्या साली आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन नवीन शिक्षक आले. दोघं एकाच भरतीतले, दोघांची ही पहिलीच शाळा. प्रणिता मॅडम बार्शीकडच्या आणि गोरे सर परंड्याचे. दोघांचं वय मिळवलं तरी माझ्याएवढं होईना. शाळा सुटली की सलीमभाईच्या हाटेलात चहाला यायचे आणि कपात साखर कमी, वाद जास्त!

एक दिवस मी शेजारच्याच बाकड्यावर होतो. कान उघडेच असतात माझे.

गोरे सर म्हणाले, "मॅडम, ट्रेनिंगमध्ये मलाही पटलं होतं. विज्ञान, गणित, यंत्रं-तंत्रं सगळं एकत्र शिकवायचं. ऐकायला गोड आहे. पण इथं माझ्यापुढं दोन इयत्ता एकाच खोलीत. परीक्षेला गणिताचा पेपर वेगळा येतो, विज्ञानाचा वेगळा येतो. एकत्र शिकवायला वेळ आणू कुठनं?"

मॅडम म्हणाल्या, "सर, पोरांच्या डोक्यात कप्पे असतात का? हा गणिताचा, हा विज्ञानाचा? एकच काम द्यायचं. पाऊस मोजायचा समजा. यंत्र पोरांनीच बनवायचं, मोजायचं, बेरीज करायची, का पडला, का नाही पडला ते शोधायचं. आपोआप विचार करायला लागतात."

"विचार?" सर हसले. "मी प्रश्न विचारला, की पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसतात. जणू उत्तर माझ्या मिशीत अडकलंय."

आता एवढं ऐकल्यावर मी गप्प बसणार का? म्हणालो, "मॅडम, इचार काय शिकवायचा असतो व्हय? आमच्या येळी मास्तर नुसती छडी उचलायचे. लगीच इचार यायचा, दारातनं पळावं का खिडकीतनं!"

सलीमभाई हसला, गोरे सर हसले. मॅडम हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "नाना, तो विचार नव्हता, ती भीती होती."

घ्या! एवढीशी पोरगी आणि माझा विनोद असा मधोमध चिरला. तेव्हाच मी ठरवलं, की ह्या मॅडमची एकदा गंमत करायची.

संधी काय, दारात चालून आली. मॅडमनी सहावीच्या पोरांकडनं पावसाची बाटली बनवून घेतली. थंड पेयाची मोठी बाटली वरनं कापली, ते कापलेलं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं तिच्यातच बसवलं, बाजूला पट्टी चिकटवली. शाळेच्या बागेत चार विटांत ती उभी केली आणि फाटकावर फळा टांगला, 'आजचा पाऊस इतका मिलिमीटर, आजवरचा एकूण इतका.' रोज, रविवारीसुद्धा, परिपाठाच्या वेळेआधी पोरं बाटली वाचणार, फळ्यावर लिहिणार, बाटली रिकामी करून परत ठेवणार.

त्या पोरांत आमची वैष्णवीपण. माझी नात. आई-बाप पुण्याला कंपनीत, म्हणून ती आमच्याकडं असते. घरी येऊन ती त्या बाटलीचं असं कौतुक सांगायची, की गोदाबाईनं भाकरी थापता थापता विचारलं, "एवढं हाय तर पाऊस पाडती का गं ती बाटली?"

आधी गाव हसलं. मग काय झालं, कृषी सहायक आला आणि पारावर सांगून गेला, की शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय कुणी सोयाबीन पेरू नका, बी वाया जाईल. मिलिमीटर कुणाकडं आहे? शाळेच्या फळ्यावर! झालं. दुसऱ्या दिवसापासनं अख्खं गाव फाटकापुढं. दोन चांगले पाऊस झाले होते, एक एकतीसचा, एक पंचवीसचा. फळ्यावर एकूण छप्पन्न. छप्पन्नावरनं शंभरावर कधी जातंय, ह्याच्यावर सगळ्या गावाचं बी अडलेलं. आमचंपण. गोदाबाईनं सगळा उन्हाळा बसून घरचं सोयाबीन निवडलं होतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघितली होती. फुटका दाणा दिसला, तर सुनेच्या साडीवर डाग दिसल्यासारखं तोंड करायची. असे दोन कट्टे बी घरात, तीन एकराला पुरेल एवढं.

आता माझं ऐका. शाळेला लागूनच महादेवाचं देऊळ आहे. गुडघ्याएवढी भिंत मध्ये, दुसरं काही नाही. रोज सकाळी सहाला मी बोअरच्या पाण्याचा तांब्या घेऊन महादेवाला जातो. गोदाबाईनंच लावलेली सवय. म्हणते, तेवढाच अर्धा तास गाव सुखात.

एक दिवस महादेवाला पाणी घातलं. तांब्याच्या तळाला थोडं उरलं. समोर ती बाटली. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी महादेवाकडं बघितलं. महादेव काही बोलला नाही. मी भिंतीवरनं वाकलो आणि तळचं पाणी बाटलीत सोडलं.

किती होतं म्हणता? दोन घोट. मांजर पिऊन गेलं तरी कळायचं नाही, एवढंसं!

दहा वाजता सहज म्हणून फाटकापुढनं गेलो. फळ्यावर, आजचा पाऊस आठ मिलिमीटर!

बागेत पोरं बाटलीभोवती गोल. मॅडम आभाळाकडं बघतायत. आभाळ असं कोरडं, की धुणं वाळत घालावं. मला हसू दाबताना ठसका लागला. धावत धावतच सलीमभाईचं हाटेल गाठलं, म्हटलं आता लोकांची तोंडं बघू.

मी तोंड पाडून म्हणालो, "फळ्यावर आठ मिलिमीटर दावतंय. रात्री पाऊस झाला म्हण की. मला तर कायबी ऐकू आलं न्हाय. वय झालं आता."

सलीमभाई गाळणं हातात धरून थांबला. क्षणभर विचार केला आणि काय म्हणाला असेल?

"पडा ना, नाना! रात कू मेरा पत्रा ऐसा तडतड वाजा, मैं उठके बैठा!"

अरे देवा! मी त्याच्याकडं बघतच राहिलो. तेवढ्यात माझा चुलतभाऊ खंडू, ज्याचं रान माझ्या बांधाला बांध, तोपण म्हणाला, "व्हय, म्याबी ऐकला. थोडाच आला, पर झोडपून आला."

कुणालाच कबूल करायचं नव्हतं, की आपण झोपलो होतो! तिसऱ्या दिवसापर्यंत गावात असा एक माणूस उरला नाही, ज्यानं तो पाऊस ऐकला नाही. एकानं तर वीज बघितली होती!

मग मी थांबतोय होय? रोज सकाळी महादेवाला वरचं आणि बाटलीला तळचं. फळ्यावर कधी आठ, कधी सात, एकदा नऊ. गोदाबाई शेजारणीला सांगायची, "आता लई भक्तीला लागलेत. एक दिवस चुकवत न्हाईत." शेजारीण मला वाकून नमस्कार करायला लागली. मी आशीर्वादपण दिले!

हाटेलात मी फळ्याचा असा वकील झालो, की विचारू नका. कुणी शंका काढली, की म्हणायचो, "बाबांनो, हे शास्त्र हाय. तुमच्या गुडघेदुखीवरनं पाऊस सांगायचे दिवस गेले."

एक गोष्ट मात्र मला खटकली. तीन-चार दिवसांनी फळ्यावर एकूण आकड्यापुढं मॅडमनी मोठं प्रश्नचिन्ह काढलं. मी वैष्णवीला विचारलं, "हे काय गं वाकडं?"

"मॅडमनी काढलंय, नाना."

"ते दिसतंय. कशाला?"

"अजून कळलं न्हाई म्हणून." एवढं म्हणून पोरगी जेवायला लागली. पोटातलं ओठावर येऊ दिलं नाही. मला वाटलं, मॅडमला प्रश्न विचारायची खोड आहे, आकड्यालापण विचारतात. आणि मग तीच मला म्हणते, "नाना, आपल्या बोअरच्या पाण्याची एक बाटली शाळेत नेऊ का?"

मी म्हणालो, "एक का, दोन ने! शिक्षणाला आपली कधी ना न्हाय."

हसा, हसा. मला तेव्हा हसू आलं नाही, कारण मला कुठं काय माहीत!

सहाव्या दिवशी, गुरुवारी, फळ्यावर एकूण झालं एकशे चार. पुढं ते प्रश्नचिन्ह होतंच, पण प्रश्नचिन्ह कोण वाचतंय? गाव उठलं. रविवारी सगळ्यांनी पेरणीला लागायचं ठरलं. हाटेलात खंडू मात्र कपाळाला आठ्या घालून बसलेला.

"नाना, फळ्यावर शंभर झालं, पर माझं रान कोरडं वाटतंय. खुरप्यानं चार बोटं खाली गेलो, की नुसता भुगा."

मी म्हणालो, "खंडू, तुझं खुरपं कितवी शिकलंय?"

सगळं हाटेल हसलं. खंडूचा चेहरा मिरचीसारखा झाला. म्हणाला, "एवढा इश्वास हाय ना फळ्यावर? मग पेरा की तुमी आधी!"

"हाँ नाना," सलीमभाई म्हणाला, "तुमीच बिस्मिल्ला करो!"

आता बघा, दहा-बारा माणसं माझ्या तोंडाकडं बघतायत. माघार घेतली असती तर पुढची दोन वर्षं खंडूनं मला हाटेलात बसू दिलं नसतं. मी एक मिनिट डोळे मिटले आणि हिशोब केला. माझा हिशोब तुम्हाला माहीतच आहे.

माझं पाणी किती? तांब्याचं तळ. दोन घोट. एवढ्या मोठ्या शिवारात माझे दोन घोट म्हंजी काय? काहीच नाही! आणि फळ्यावर रोज आठ मिलिमीटर. मग बाकीचं कुठनं आलं? आभाळातनं! सलीमभाईनं पत्रा ऐकला, खंडूनं ऐकला, एकानं वीज बघितली. एवढी माणसं खोटं बोलतील का? म्हंजी पाऊस रात्री खरंच पडत होता आणि मी सकाळी उगीच वरनं दोन थेंब टाकत होतो. एकशे चारातनं माझे फार तर चार काढा. शंभर उरले की नाही?

आहे का नाही अक्कल! स्वतः केलेली थाप, गावानं मला परत सांगितली आणि मी ती विकत घेतली!

शुक्रवारी सकाळी महादेवाला जायलापण वेळ नव्हता. ट्रॅक्टरवाल्याला पेरणी यंत्र जोडून थेट रानात बोलावलं. गोदाबाईनं बांधावर बसून मूठभर माती उचलली, दाबली. माती तिच्या बोटांतनं पिठासारखी गळाली.

"आवं, ह्यात ओल कुठंय? माझं बी घालू नगा ह्यात."

मी म्हणालो, "तुला मिलिमीटर कळतंय का?"

"मला माती कळती."

"माती जुनी झाली. आता मिलिमीटर!"

असं म्हणून मी हात केला आणि गोदाबाईनं एकेक करून निवडलेले ते दोन कट्टे तीन एकरात गेले. धुरळा असा उडाला, की ट्रॅक्टर दिसेना. मी त्यातनं खोकत खोकत घरी आलो. गावात पहिली पेरणी माझी!

शनिवारी सकाळची शाळा. मॅडमनी वैष्णवीच्या हाती निरोप धाडला, की ज्यांना उद्या पेरायचंय त्यांनी पेरायच्या आधी शाळेत यावं, पोरांना काही दाखवायचंय. पन्नासेक माणसं जमली. पहिला पेरणारा म्हणून मला पुढं खुर्ची मिळाली. मागं सतरंजीवर बायांत गोदाबाई. मॅडम कोपऱ्यात उभ्या, चेहरा उतरलेला. उद्या गाव फळ्यावर विसंबून पेरणार आणि फळा खोटा निघाला, तर त्यांना ह्या गावात कोण उभं करणार? गोरे सर दारात, हाताची घडी.

सुरुवात पोरांनीच केली. मॅडम फक्त मधनं एकच शब्द टाकायच्या, "कशावरून?"

एक पोरगं म्हणालं, "पाऊस कधी एकतीस पडला, कधी पंचवीस. पण नंतर रोज आठ, आठ, सात, नऊ. रोज सारखाच पडतोय म्हणून आम्हाला संशय आला."

दुसरी म्हणाली, "आम्हाला वाटलं दव असंल. पण दव एवढं पडत न्हाई."

तिसरं म्हणालं, "मला वाटलं कुत्रं असंल." सगळी शाळा खिदळली. "पण वास बघितला, तर न्हाई."

मग गोरे सरच पुढं झाले. म्हणाले, "पोरं माझ्याकडं आली. म्हणाली, सर, एक बाटली स्लॅबवर ठेवू. जिन्याची किल्ली माझ्याकडं असते, वर कुणी जात नाही." सरांनी मिशीवरनं हात फिरवला. "हे मला सुचलं नव्हतं."

तीन दिवस दोन्ही बाटल्या. खालच्या बाटलीत आठ, वरच्या बाटलीत शून्य. बाग भिजती आणि स्लॅब कोरडा! खंडूनं सलीमभाईकडं बघितलं, सलीमभाईनं छताकडं बघितलं.

आता आमची वैष्णवी उठली. टेबलावर तीन लहान बाटल्या ठेवल्या. एकीत एकतीसच्या पावसाचं जपून ठेवलेलं पाणी. दुसरीत बुधवारी बागेतल्या बाटलीत सापडलेलं. तिसरीत आमच्या बोअरचं. तिन्हीत सारखाच साबणाचा चुरा टाकला आणि दोन मैत्रिणींना पुढं बोलावून तिघींनी मिळून खळखळ हलवल्या.

पावसाच्या पाण्याला फेस! बाटलीच्या गळ्यापर्यंत. बोअरच्या पाण्याला दुधाची साय आल्यासारखा गढूळपणा, फेस नाही. कसा येणार? आमच्या बोअरच्या पाण्यात साबण लावला, की अंगावर राहतो तसाच, भांड्याला पांढरा थर बसतो. आणि मधली बाटली? बागेतली? हुबेहूब बोअरसारखी!

"म्हणून बागेतल्या बाटलीत पाऊस न्हाई," वैष्णवी म्हणाली. "कुणीतरी सकाळी बोअरचं पाणी ओततंय. काल ओतलं न्हाई, काल शून्य आलं."

सभेत कुजबुज. "कोण असंल?" "कुणाची करामत?"

मॅडम पुढं आल्या. म्हणाल्या, "कुणी ओतलं हे आम्हाला माहीत नाही आणि शोधायचंही नाही. आकडा दुरुस्त करायचा, एवढंच. उद्या कुणी पेरू नका. माझी चूक झाली, प्रश्नचिन्हाऐवजी फळा पुसायलाच हवा होता."

ऐकलंत ना? शोधायचंही नाही! मी सुटलो होतो हो! चहा-बिस्किट आलं असतं, खाऊन घरी आलो असतो, मरेपर्यंत कुणाला कळलं नसतं.

पण माझं लक्ष कुठं होतं? माझ्या डोळ्यांपुढं तीन एकर. दोन कट्टे. धुरळा. मी एकदम खुर्चीतनं उठलो.

"थांबा थांबा! त्या आठात आभाळाचं किती?"

वैष्णवी म्हणाली, "शून्य, नाना."

"काहीच न्हाय?"

"न्हाई."

"सलीमभाईच्या पत्र्यावर पडला त्यो?"

सलीमभाई पायातली चप्पल शोधायला लागला.

मी कपाळाला हात लावला आणि मोठ्यानं म्हणालो, "मग आठच्या आठ माझंच व्हय?"

शाळेतली सगळी डोकी एकदम वळली. पन्नास माणसं, चाळीस पोरं, दोन शिक्षक, सगळे माझ्याकडं. मला वाक्य परत गिळायचं होतं, पण ते पार शेवटच्या रांगेत जाऊन पोचलं होतं. शेवटच्या रांगेतनंच आवाज आला. गोदाबाई उठली होती.

"म्हंजी महादेवाला उष्टं व्हय?"

"उष्टं न्हाय गं! महादेवाला आधी. बाटलीला उरलेलं."

"आन माझं बी? त्ये कुणाला उरलेलं?"

मी टोपी काढून डोकं खाजवलं. 

मग काय हसलं गाव! खंडू तर भिंत धरून हसला. गोरे सरांनी तोंडावर रुमाल धरला. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. मला वाटलं, आता शिव्या घालतील. त्यांनी खडू उचलला आणि वैष्णवीला विचारलं, "दोन घोटांचे आठ मिलिमीटर कसे झाले, सांग नानांना."

पोरीनं मला पोरासारखं समजावलं. पाऊस आख्ख्या रानावर पडतो, म्हणून थर बघायचा, पाणी किती ते नाही. माझे दोन घोट सगळ्या शिवारात सांडले असते, तर काहीच दिसलं नसतं. पण बाटलीचं तळ तळहाताएवढं, म्हणून तिथं आठ मिलिमीटर उभं राहिलं. सहा दिवसांचे झाले अठ्ठेचाळीस. एकशे चारातनं अठ्ठेचाळीस गेले, छप्पन्न उरले. मला पहिल्यांदा मिलिमीटर कळलं आणि ते कळायला मला तीन एकर लागले.

गावातल्या एकानंही रविवारी पेरलं नाही. सगळ्यांचं बी वाचलं. एक माझं सोडून! पाऊस त्यानंतर बारा दिवसांनी आला. तोवर माझ्या रानात कबुतरं जेवायला येत होती, मुंग्या डबे बांधून नेत होत्या. गोदाबाई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली, तेव्हा वाटलं, गप्प होती तेच बरं होतं. पुन्हा पेरायला बी आणलं ते खंडूकडनं. त्यानं देताना मूठभर खुरप्यावर ठेवून दिलं, सगळ्यांसमोर.

आणि पोरांना तर नवीन काम मिळालं! गोरे सर स्वतः पोरं घेऊन माझ्या रानात यायला लागले. जे सर म्हणत होते वेळ कुठनं आणू, तेच बांधावर उकिडवे बसून दोरीचे चौकोन आखायचे. एका चौकोनात किती दाणे पडले, किती उगवले, किती कबुतरांनी नेले. मी विचारलं, "सर, आता पोरं तुमच्या मिशीकडं बघत न्हाईत का?" सर म्हणाले, "बघायला वेळच नाही त्यांना. मलाच प्रश्न विचारतात. काल एकानं विचारलं, कबुतर किती सोयाबीन खाऊन उडू शकतं. मला येत नाही उत्तर. आता शोधतोय."

फळ्यावर पावसाखाली नवी ओळ आली, 'नानांच्या रानातली उगवण, शंभरात अकरा.' जाणारा-येणारा प्रत्येकजण वाचायचा. जीपवाला गाडी हळू करून प्रवाशांना वाचून दाखवायचा!

मग तालुक्यावरनं साहेब आले शाळा बघायला. मॅडमचं काम चालू ठेवायचं की नाही, ते त्यांनीच ठरवायचं होतं. पोरांनी बाटल्या दाखवल्या, साबण दाखवला, चौकोन दाखवले. साहेबांनी दोन-चार अवघड प्रश्न विचारले, पोरांनी त्यांनाच उलटं विचारलं, "कशावरून, सर?" साहेब खूष! म्हणाले, मॅडम, हे थांबवू नका, शेजारच्या शाळांनाही दाखवा. मॅडमनी पदर डोळ्याला लावला, तो मी बघितला. मीपण होतो ना वर्गात. रानाचा मालक म्हणून खास बोलावलेला, मागच्या बाकड्यावर.

जाता जाता साहेबांनी पोरांना विचारलं, "एवढा छान विचार करायला तुम्हाला शिकवलं कुणी?"

मॅडम लाजून खाली बघायला लागल्या. आणि आमची वैष्णवी ताडकन उठली.

"आमच्या नानांनी, सर!"

साहेब वळून माझ्याकडं बघायला लागले. "वा! आजोबा, कसं काय शिकवलंत?"

मी तोंड उघडायच्या आत पोरगीच म्हणाली, "त्यांनी एकदा पण विचार केला न्हाई, सर. मग आम्हालाच करावा लागला."

आणि मी? मी तोवर टोपी नीट करून, हात जोडून, सत्काराला उभा राहिलो होतो.